खटाक झाल्यावरचा फोटो

मी कॅमेरा घेणार म्हटल्यावर आमच्या घरात सगळ्यांनाच फोटोग्राफीतलं कळायला लागलं. नवरा म्हणाला, मोबाइलला काय झालंय? भाऊ म्हणाला, मेगापिक्सल बघून घे. भावजय म्हणाली, बॅग फुकट मिळेल तो घे. आणि माझे वडील, म्हणजे अप्पा, ज्यांनी उभ्या आयुष्यात एसटीच्या स्टिअरिंगशिवाय दुसऱ्या कुठल्या यंत्राला जीव लावला नाही, ते म्हणाले, "आवाज आला पाहिजे. आवाजच आला न्हाई तर फोटो निघाला हे मानसाला कळनार कसं?"

सगळे हसले. मीही हसले. पहिला डीएसएलआर घ्यायच्या विचारात असलेल्यांनी हे वाक्य कुठेतरी लिहून ठेवावं, एवढंच आत्ता सांगते.

मी शेंद्र्याला एका कारखान्यात पॅकिंग विभागात आहे आणि नवरा वाळूजला. शहराच्या एका टोकाला मी, दुसऱ्याला तो, म्हणून मध्ये कुठेतरी नवं घर बांधलं. माघात वास्तुशांत ठरली. मांडववाला ठरायच्या आधी अप्पांनी फ्लेक्सवाला ठरवून टाकला. बाहेरगावच्या वाचकांना सांगते, आमच्याकडे बारसं असो की बढती, घरासमोर फ्लेक्स लागतोच. वर यजमानांचा मोठा फोटो, खाली 'स्वागतोत्सुक' म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांचे गोल गोल फोटो. कोणाचा गोल मोठा, कोणाचा लहान, कोण वरच्या ओळीत, यावर माणसं बोलायची बंद होतात. मी हे गमतीनं लिहीत नाही. आमच्या घरात झालेलं आहे.

दोन वर्षांपूर्वी भावाच्या लग्नात अप्पांच्या थोरल्या बहिणीचा, सुभद्रा आत्याचा, फोटोच सापडेना. आत्या कॅमेरा दिसला की तोंड फिरवते. मग अप्पांनी कुठल्याशा बारशाच्या ग्रुप फोटोतून, कोपऱ्यात उभी असलेली आत्या मोबाइलवर कापली आणि फ्लेक्सवाल्याला पाठवून दिली. नखाएवढा चेहरा परातीएवढा झाल्यावर जे व्हायचं तेच झालं. डोळे कुठले आणि कुंकू कुठलं ते कळेना, आणि खांद्यावर कोणाचा तरी परका हात. मंगल कार्यालयाच्या दारात आत्याच्या सासरची माणसं आत्यालाच विचारत होती, "ही कोन हो?" आत्यानं सगळे मान केले, सगळ्यांना ओवाळलं, जेवली, आणि मानाची साडी खुर्चीवर तशीच ठेवून पाचोडला आपल्या घरी निघून गेली. त्या दिवसापासून आमच्याकडे आली नाही. अप्पा म्हणायचे, "तोंड फिरवनार ती, आन चूक माझी?" आणि पाचोडचा विषय निघाला की उठून गाडी पुसायला जायचे.

माझ्या आईला जाऊन बरीच वर्षं झाली. नव्या घरात चुलीवर, म्हणजे गॅसवरच, पहिलं दूध उतू घालायचं ते आत्याच्या हातानं, हे मी पाया खणला तेव्हाच ठरवलं होतं. म्हणजे आत्या यायला हवी, आणि फ्लेक्स तर लागणारच असेल तर त्यावर आत्या आत्यासारखी दिसायला हवी. कॅमेऱ्याची हौस माझी होतीच. निमित्त हे झालं.

दुकानं आमच्या शहरात पुष्कळ आहेत, पण माझा सल्ला ऐकाल तर आधी भाड्यानं घेऊन बघा. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांमुळे इथे कॅमेरे भाड्यानं मिळतात, ओळखपत्राची मूळ प्रत ठेवून घेतात आणि दोन दिवसांचं भाडं आपल्याला परवडतं. औरंगपुऱ्यात शफीकभाईंचं दुकान आहे. त्यांना म्हटलं, पहिला कॅमेरा आहे, डीएसएलआर घेऊ का?

"मॅडम, डीएसएलआर अब कौन लेता?" ते दुःखानं म्हणाले. "आत आरसा असतो, बटन दाबलं की तो उड्या मारतो, खटाक, खटाक. अब मिररलेस का जमाना है. आरसा गया, आवाज गई, वजन गया. ये देखो. बाजूवाल्याला बी पता नहीं चलता फोटो निकला."

मी दोन्ही घेतले. एक जाडजूड जुन्या घाटाचा डीएसएलआर, आणि एक सडपातळ मिररलेस, ज्याचा आवाज शफीकभाईंनी मेनूत जाऊन पूर्ण बंद करून दिला. घरी येईपर्यंत मी त्यांची नावं ठेवली होती, बोलका आणि मुका.

नवऱ्याची कारखान्यात पाळी असल्यामुळे तो सुटला. मॉडेल म्हणून अप्पांना घेतलं. त्यांना सांगितलं, पहिल्या दिवशी मकबरा आणि देवगिरीचा किल्ला, दुसऱ्या दिवशी पैठणला धरणावर पक्षी. पाचोडचं नाव मी काढलं नाही. लबाडी होती, कबूल आहे, पण वडिलांना विचारून कोणी त्यांचं भांडण मिटवत नाही.

बीबी का मकबऱ्याला जायचं तर उजाडता उजाडता जा. एक तर तिकिटाला रांग नसते, दुसरं म्हणजे थंडीत धुकं मिनारांच्या कमरेपर्यंत असतं आणि कॅमेरा नवा असला तरी फोटो बरा येतो. ट्रायपॉड नेऊ नका, परवानगीशिवाय आत सोडत नाहीत. मला वाटलं होतं एवढ्या सकाळी आम्ही दोघंच असू. आत पाहिलं तर प्री-वेडिंगवाली तीन जोडपी आधीच हजर. एका नवरीच्या झग्याचा घेर एवढा, की तो धरायला तिची आई, मावशी आणि होणारा दीर असे तिघं लागत होते.

गळ्यात दोन कॅमेरे अडकवलेली बाई पाहिल्यावर त्या आईनं मला गाठलं. "ओ ताई, आमचा फोटोवाला अजून झोपेतनं उठंना. तुमचा रेट काय?"

मी नाही म्हणायच्या आत अप्पा पुढे झाले. "आधी तारीख सांगा. लग्नसराईत आमच्याकडं लई गर्दी असती."

त्या बाईंनी खरोखरच तारीख सांगितली. अप्पांनी खिशातून पेन काढलं. मी त्यांना दंडाला धरून कारंज्याच्या पलीकडे नेलं.

मग मुक्याची परीक्षा. अप्पांना मकबऱ्यासमोर उभं केलं. अप्पांची फोटोची एक पद्धत आहे आणि ती आमच्याकडच्या त्यांच्या वयाच्या सगळ्यांचीच आहे. हात शिवणीला, हनुवटी वर, ओठ घट्ट, आणि श्वास बंद. आवाज येईपर्यंत श्वास सोडायचा नाही. मी फोटो काढला. अप्पा तसेच. मी आणखी दोन काढले. अप्पांचा चेहरा तांबूस व्हायला लागला.

"अप्पा, झाला."

"कवा?"

"मघाशीच."

"आवाज न्हाई आला."

"हा मुका आहे अप्पा, आवाज येत नाही."

"मग निघाला कशावरनं?" असं म्हणून ते पुन्हा सावधान झाले. मी त्यांना स्क्रीनवर फोटो दाखवला, तरी त्यांना पटेना. शेवटी मी तोंडानंच 'खटाक' म्हटलं तेव्हा त्यांनी श्वास सोडला. मुक्यानं काढलेले सगळे फोटो मी नंतर पाहिले. रंग सुंदर, धुकं सुंदर, आणि मध्यभागी डॉक्टरनं 'श्वास रोखा' सांगून विसरलेला माणूस.

तिथून छावणी, मिटमिटा करत दौलताबादचा रस्ता. रस्ता चांगला आहे, पण किल्ल्याच्या अलीकडे जुन्या दगडी वेशीतून गाडी काढावी लागते आणि तिथे सुट्टीच्या दिवशी हमखास अडकायला होतं. अप्पांनी या वेशीतून वेरूळची बस अनेक वर्षं काढलेली. "आरसे मिटवून काढायचो," ते समोरच्या ट्रॅव्हल्सवाल्याकडे तुच्छतेनं बघत म्हणाले. "दोन्हीकडं बोट घालायला जागा नसायची. ह्याला बघ, सगळी वेस मोकळी हाय तरी घाबरतंय." खाली उतरून ते वाहतूक सोडवायला निघाले होते, मी बसवून ठेवलं.

किल्ला चढायचा असेल तर पाण्याची बाटली आणि विजेरी दोन्ही ठेवा. 'अंधारी' म्हणतात त्या भुयारात वटवाघळांचा वास असतो आणि पायऱ्या एकसारख्या नाहीत. बोलका गळ्यात घेऊन चढताना मला शफीकभाईंची फार आठवण झाली. वजन गया म्हणाले होते ते बरोबरच होतं, मानेला पट्ट्याचा वळ उठला. अप्पा अर्ध्यातच बसले आणि म्हणाले, वरून काय दिसतं ते फोटोत दाखव.

खरी गंमत खाली झाली. किल्ल्याच्या दारात पेरूवाल्या बायका बसतात. मीठ-तिखट लावलेला दौलताबादचा पेरू खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. एका मावशींना विचारलं, फोटो काढू का? त्यांनी पदर सारखा केला, टोपली पुढे ओढली, आणि अप्पांसारखाच श्वास बंद. मी बोलक्याचं बटन दाबलं. खटाक. आवाज आल्याबरोबर मावशींचे खांदे उतरले, चेहरा सुटला, आणि शेजारणीकडे वळून त्या म्हणाल्या, "हिचा कॅमेरा हाय का अडकित्ता?" दोघी खळाळून हसल्या. माझं बोट बटनावरच होतं. दुसरा खटाक झाला, पण त्याच्याकडे कोणी लक्षच दिलं नाही. त्यांच्या दृष्टीनं फोटो कधीच निघून गेला होता.

स्क्रीनवर पाहिलं तर पहिल्या फोटोत एक बाई परीक्षेला बसलेली, आणि दुसऱ्यात त्या मावशी. मी त्यांना दोन्ही दाखवले. त्यांनी दुसऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ही मी हाय."

मग मला चटकच लागली. जालन्याचं एक कुटुंब, चहावाला, घोड्यावर न बसणारं पोर आणि त्याला बसवणारा आजोबा, सगळ्यांना विचारून तेच केलं. पहिला खटाक त्यांचा, दुसरा माझा. प्रत्येक वेळी तोच अनुभव. अप्पांचा नियम एकट्या अप्पांचा नव्हता, आमच्याकडे सगळ्यांनाच फोटो कधी संपला ते कळावं लागतं, मगच ते आपले आपण होतात. मुका कॅमेरा ते कधी सांगतच नाही, म्हणून त्याच्यासमोर माणसं वाट बघत राहतात. पिठलं, भाकरी आणि ठेचा समोर येईपर्यंत मी अप्पांना हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे कांदा फोडला. "मी काय म्हनलो व्हतो?" एवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा पक्षी बघायला इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले. हातात एक कापडी पिशवी होती. काय आहे विचारलं तर म्हणाले, स्वेटर. मी गाडी बीड रस्त्याला घातली. एसटीत जन्म काढलेल्या माणसाला रस्त्यात फसवता येईल असं मला कसं वाटलं, देव जाणे. बायपास सोडला तसे ते म्हणाले, "हा रस्ता पैठनला जात न्हाई."

"पाचोडवरून फाटा आहे ना. बाजाराचा दिवस आहे, फोटो चांगले मिळतील. गुडीशेव घेऊ आणि तसेच पुढे जाऊ."

अप्पा बाहेर बघत बसले. रस्ता चौपदरी आणि सरळ आहे, टोल आहे, आडूळच्या आसपास चहाला थांबता येतं. आम्ही थांबलो. अप्पांनी चहा घेतला, टपरीच्या आरशात बघून भांग सारखा केला आणि गाडीत येऊन बसले. पक्ष्यांसाठी कोणी एवढा भांग पाडत नाही, पण मी गप्प बसले. विचारलं असतं तर त्यांनी तिथूनच परतीची बस धरली असती.

पाचोडचा बाजार मोठा. एकीकडे मोसंबीचे ढीग, एकीकडे जनावरं, मध्ये भज्यांच्या कढया. गुळाच्या पाकातली गुडीशेव इथे कागदात बांधून मिळते, गरम भजी खाल्ल्यावर ती खायची, उलट नाही. फोटो काढायला बाजारासारखी जागा नाही, फक्त मोठा कॅमेरा दिसला की आपण पेपरवाले होतो, याची तयारी ठेवा. एका कांदेवाल्यानं मला थांबवलं. "ताई, आमच्या वस्तीच्या रस्त्याचं बी टाका की."

"मी पेपरवाली नाही हो, दादा."

"नसा ना. टाका तरी."

बाजारातून आत्याची शेतवस्ती जवळच आहे. मी गाडी तिकडे वळवली. आत्यानं दारातूनच परत पाठवलं असतं तर पुन्हा यायला मला तोंड नव्हतं, आणि दूध उतू घालायला मग कोण, हा प्रश्न मी स्वतःला अजून विचारलाच नव्हता.

वस्तीवर गाडी थांबली आणि आम्ही दोघं उतरून तिथेच उभे राहिलो. गोठ्याशेजारी कडब्याची, म्हणजे ज्वारीच्या वाळल्या ताटांची, गंजी होती. गंजीवर, पावसापाण्यासाठी झाकायला, भावाच्या लग्नाचा फ्लेक्स. खेड्यात जुन्या फ्लेक्सचं असंच होतं, गंज्या झाकतात, कापूस झाकतात, शेळ्यांना आडोसा करतात. त्यात काही वावगं नव्हतं. पण फ्लेक्स असा बांधला होता की अप्पांचा गोल बरोबर दक्षिणेला, भर उन्हात. दोन उन्हाळ्यांत त्यांची मिशी पिवळी पडली होती. आणि शेजारी जिथे आत्याचा गोल होता तिथे आता भोक होतं. कात्रीनं, नीट गोल कापलेलं. त्यातून पाणी जाऊ नये म्हणून आतून खताची गोणी लावली होती.

तो फ्लेक्स लग्नानंतर पाचोडला कसा गेला, ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही.

आत्या पडवीत कापसाच्या ढिगाशेजारी बसली होती. मला बघून उठली, माझ्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली. मग माझ्या मागे बघितलं.

"ह्याला कशाला आनलंस, मने?"

"मी न्हाई आलो," अप्पा म्हणाले. "तिनं आनलं."

"मग गाडीत बस."

अप्पा गाडीत बसले नाहीत, पण पडवीतही आले नाहीत. पायरीवर बसले. आत्याच्या सुनेनं चहा आणला. आत्यानं माझा कप माझ्या हातात दिला आणि अप्पांचा पायरीवर, त्यांच्यापासून हातभर लांब ठेवला. ते सरकून चहापर्यंत गेले.

मी आत्याला सरळच सांगितलं. नवं घर झालंय, माघात वास्तुशांत आहे, दूध तू उतू घालायचंस, आणि तुझा फोटो मी काढायला आलेय, चांगला, तुला विचारून. आत्यानं कॅमेऱ्यांकडे बोट केलं. "दोन कशाला?"

"कुठला घ्यायचा ते ठरत नाहीये."

तिनं आधी मुका हातात घेतला. मी तिला बटन दाखवलं. तिनं कॅमेरा अप्पांवर रोखला आणि बटन दाबलं, मग पुन्हा दाबलं. "चालू न्हाई."

"चालू आहे आत्या. निघाले दोन फोटो. ह्याचा आवाज येत नाही."

तिनं कॅमेरा माझ्या मांडीवर परत ठेवला, जरा जोरातच. "चोरट्यावानी काढतो ह्यो. मानसाला सांगत बी न्हाई. असलाच फोटो लावला व्हता तुझ्या बापानं माझा. मला एक शब्द इचारला न्हाई. मी काय पळून चालले व्हते का? इचारलं असतं तर बसले असते की समोर."

आत्या बोलक्याकडे वळली. बटन दाबलं. खटाक. पडवीतली मांजर उठून गेली. आत्यानं मान हलवली. "ह्यो सांगून काढतो," ती म्हणाली आणि लुगडं बदलायला आत गेली.

ती आत गेल्यावर अप्पा उठले. गाडीतून ती कापडी पिशवी आणली आणि आतला 'स्वेटर' बाजेवर ठेवला. लग्नातली मानाची साडी. कागदासकट, घडी न मोडलेली. ठेवून पुन्हा पायरीवर जाऊन बसले आणि गोठ्याकडे बघायला लागले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रागही आला. मी दोन दिवस लबाड्या करत होते आणि या माणसाला पहिल्यापासून सगळं माहीत होतं.

आत्या हिरवं इरकली लुगडं नेसून बाहेर आली. साडी दिसली. ती तिथेच थांबली. मग बाजेवर बसून तिनं कागद काढला आणि साडी उजेडात धरून घडी घडी तपासली.

"कुठं ठेवली व्हती दोन वर्सं?"

"ट्रंकेत," अप्पा गोठ्याला म्हणाले.

"डांबरगोळी टाकली व्हती का? का तशीच कसरीला दिली?"

"टाकली व्हती."

"कोनी टाकली? तुला तर सोताची टोपी सापडत न्हाई."

"मीच टाकली, अक्का."

आत्यानं साडी पुन्हा घडीवर घातली, मांडीवर ठेवली आणि मला म्हणाली, "काढ."

मी कॅमेरा लावला. तिनं हनुवटी वर केली, ओठ मिटले, श्वास बंद केला. खटाक. तिचे खांदे उतरले. तेवढ्यात अप्पांना राहवलं नाही. माझ्या मागून मान लांब करून विचारलंच, "निघाला का?"

"निघाला न्हाई तर काय?" आत्या त्यांच्याकडे वळली. "आवाज आला न्हाई का तुला? भैरं झालास का? लहानपनी बी असाच व्हता ह्यो, मने. बस गेली की इचारायचा, बस आली का? आन मग ड्रायव्हर झाला." आणि बोलता बोलता ती हसायला लागली, तोंडभर, पुढचा एक दात नसलेलं हसू, एक हात अप्पांकडे उगारलेला आणि दुसरा मांडीवरच्या साडीवर. दुसरा खटाक मी तेव्हा केला.

दोन्ही फोटो तिला दाखवले. अप्पा चष्मा लावून आले आणि म्हणाले, पहिलाच लावायचा, फ्लेक्सवर असलं तोंड उघडं बरं दिसत नाही. आत्यानं त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. ती दुसऱ्याकडे बराच वेळ बघत होती. "दात न्हाई ते दिसतंय," ती म्हणाली. मग, "दोन्ही पाठव सुनंच्या फोनवर. मी सांगते काय ते."

"आणि वास्तुशांतीला?"

"बघू."

एवढ्यावर आम्ही उठलो. तिनं गाडीत मोसंबी भरली, हुरड्याची कणसं भरली, पण 'बघू'च्या पुढे गेली नाही. पैठणच्या फाट्यावर मी अप्पांना विचारलं, पक्षी बघायचे का? ते म्हणाले, "कशाला, पक्ष्याला कुठं इचारून फोटो काढता येतो," आणि घरापर्यंत झोपले. तेव्हा धरणावरच्या पक्ष्यांची माहिती इथे मिळेल म्हणून आलेल्या वाचकांची मी क्षमा मागते.

दुसऱ्या दिवशी शफीकभाईंना दोन्ही कॅमेरे परत केले आणि बोलक्याच्या जातीचा नवा मागितला. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, आवाजासाठी. त्यांनी कपाळाला हात लावला. "मॅडम, लोक आवाज जाने के पैसे देते, तुम्ही येण्याचे देता?" पण दाखवला. तुम्हीही घेणार असाल तर तंत्राचं पुष्कळ इतरांनी लिहिलंय ते वाचा, वजन हातात धरून बघा, पट्टा रुंद घ्या आणि जास्तीची बॅटरी घ्याच. आणि ज्यांचे फोटो सगळ्यात जास्त काढणार आहात त्या माणसांना दुकानात बरोबर न्या. बॅग मला फुकट मिळाली, भावजय खूश आहे.

आत्याचं उत्तर मात्र येईना. फ्लेक्सवाला रोज फोन करत होता. अप्पा म्हणत, पहिला दे पाठवून. मी म्हणे, तिला विचारल्याशिवाय नाही. या वेळी मी हटले नाही. शेवटी सुनेच्या फोनवरून आवाजी निरोप आला. मागे म्हैस ओरडत होती आणि आत्या तिच्या वरताण ओरडत होती. "मने, दुसरा लाव. आन अंकुशापेक्षा मोठा लाव."

अंकुश म्हणजे अप्पा. त्यांनी तो निरोप पुन्हा पुन्हा ऐकला. मग स्वतः फ्लेक्सवाल्याला फोन लावून आपला गोल लहान करायला सांगितला.

वास्तुशांतीला आत्या सकाळी सगळ्यांच्या आधी आली, तीच साडी नेसून. फ्लेक्ससमोर उभी राहिली. शेजारची एक बाई येऊन म्हणाली, "ह्या तुम्हीच का हो? किती छान हसलाय." आत्या म्हणाली, "मीच," आणि चप्पल काढून आत गेली. दूध उतू गेलं ते तिच्या हातानं, नव्या ओट्यावरून थेट खालच्या ड्रॉवरमध्ये. ते अजून मी पूर्ण पुसलेलं नाही.

तो फोटो मी काढला नाही, दोन्ही हात तिच्या पाठीवर होते. पाचोडच्या पडवीतला मात्र आता माझ्या हॉलमध्ये लावलाय. त्यात आत्याचा उगारलेला हात कोणावर आहे ते दिसत नाही, पण घरात येणाऱ्या प्रत्येकाला अप्पा ते सांगतात.

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर आत्यानं फ्लेक्स उतरवून घेतला, गुंडाळला आणि आपल्या गाडीत ठेवला. अप्पांचा चेहरा उतरला. "अक्का, ह्यो बी कडब्यावर टाकनार का?"

"ह्यो घरात लावनार हाय. कडब्यावर तू हाईस की."

"मग मला कवा उतरवनार?"

"कडबा संपला की," आत्या म्हणाली आणि काच वर केली.

गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत अप्पा फाटकात उभे होते. पाचोडच्या रानात ज्वारी अजून उभीच होती. म्हणजे जुना संपायच्या आत नवा कडबा येणारच होता.